पटका हरणगाळीत आहे

निपाणी,
रविवार, ता. १२ डिसेंबर १९३७

तीर्थस्वरूप अण्णांस,

मष्णूचा साष्टांग नमस्कार. मी इथं खुशाल आहे. तुम्हीही असालच असं धरून चालतो, कारण तुमच्या पत्रात कुणाच्या तब्येतीचं एक अक्षर नाही, नुसते प्रश्न आहेत. कुठं कुठं होतास, काय करतोस, कुणाजवळ राहतोस, परत कधी येतोस. खाली जयावहिनींच्या दोन ओळी नसत्या तर मला वाटलं असतं, कुणा आरोपीची उलटतपासणी चुकून माझ्या पत्त्यावर आली.

उत्तरं देतो. तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. पोती उचलायची, चाळण धरायची आणि दिवसभर शिंकायचं. पहिले आठ दिवस मी इतका शिंकलो की वखारीतल्या बायांनी त्याचा खेळ केला, शिंक आली की एक म्हणायची, "मेंबराचा भाऊ बोलला गं." आता नाक मुरलं आहे. राहतो वखारीच्या मागं, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या खोलीत. भाता फाटलेल्या पेट्या येतात, त्या बऱ्या झाल्या की तो मला वाजवून बघायला देतो. मला एकच चाल येते, ती मी सगळ्या पेट्यांवर वाजवतो. त्याआधी चार महिने कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होतो. त्याही आधी संकेश्वरात मिरच्यांच्या खळ्यावर राखण केली, तिथं एक गाढव रोज माझ्याच वाटणीच्या कडब्यावर...

बघा, सुटला विषय. तुम्ही म्हणायचात, मष्णूला साक्षीला उभा केला तर खटला आठवडाभर चालेल आणि शेवटी गाढवाच्या किमतीवर येऊन थांबेल. खरं आहे ते.

तुम्ही मुंबईला असेंब्लीत बसता हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगतो. न सांगून करू काय? आमचा मुकादम शामू, त्याला तर मी तुमची सगळी हकिकत ऐकवली. उचगावहून सहा मैल चालत बेळगावच्या शाळेला जायचात. मार्कंडेय फुगली की धोतर आणि पाटी डोक्यावर बांधून पोहत पार व्हायचात. मास्तरांच्या घरी पाणी भरून इंग्रजी शिकलात. वकिलीच्या परीक्षेला दोनदा नापास झालात हे मी आधी गाळलं होतं, पण शामूला गोष्ट फार गोड वाटायला लागली म्हणून तेही घातलं. मग सनद. मी तेव्हा चार वर्षांचा, पण मला ते दिसतं आहे. आई उंबऱ्यात बसून आपल्या लग्नाच्या लुगड्याचा जरीकाठ उसवत होती आणि तुमच्या पांढऱ्या पटक्याला शिवत होती. बेळगावच्या कोर्टात तसला काठ दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर नव्हता. तोच पटका बांधून तुम्ही पहिली केस लढवलीत, कोंडवाड्यात घातलेल्या म्हशींची. म्हशी सुटल्या आणि मालकाच्या आधी त्याच आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, अशी आईची गोष्ट होती. आई असती तर अजून सांगितली असती.

पटक्याचं इथंच थांबवतो.

शामूनं सगळं ऐकून घेतलं, कानामागची विडी काढली आणि विचारलं, "समदं खरं. आन् मेंबर झाल्यावर तिथं बोलला काय त्यो?"

मी म्हटलं, असेल की, बोलले असतील. "कशावर?" म्हणाला. तेवढ्यात पोती आली.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही भरमाचं लिहिलं आहे. एकोणीस वर्षं तो तुमची दप्तरं डोक्यावरून कोर्टात न्यायचा, पिरनवाडीहून पहाटे निघून आपला दिवा विझायच्या आत दारात असायचा. आता नवा माणूस कामाचा नाही, कागद उलटे बांधतो, तरी पण पटका चोरणाऱ्याला परत घेणार नाही, असं तुम्ही लिहिता. ते मी वाचलं. त्याबद्दल मला लिहायचं होतं, पण कागद संपत आला आहे आणि म्हाताऱ्याची एक पेटी तयार झाली आहे.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या हातचं आठवतं. परत कधी येणार, या प्रश्नाचं उत्तर या खेपेला राहू दे.

तुमचा धाकटा,
मष्णू


हरणगाळी, कणकुंबीपासून दोन मैल आत,
गुरुवार, ता. ३ मार्च १९३८

तीर्थस्वरूप अण्णांस,

साष्टांग नमस्कार. पत्ता बघूनच तुम्हाला कळलं असेल की हे पत्र सुखाचं नाही. तरी माझी तब्येत बरी आहे, जंगलातली हवा आहे, शिंका गेल्या.

वखार सोडली. शामूचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. बेळगावात मोटार बदलताना आपल्या घराच्या वळणापर्यंत आलो होतो. तुमची पाटी नवी रंगवली आहे, नावापुढं वकील आणि त्यापुढं एम. एल. ए. अक्षरं छान आलीत. नव्या माणसानं दाराशी दप्तर सोडलं होतं आणि तो ते उलटं बांधत होता. मी परत फिरलो. जांबोटीपर्यंत गाडी मिळाली, पुढं चालत. वाटेत एका धनगरानं मला कुत्र्याचं पिल्लू देऊ केलं, घेणार होतो, पण त्याला इकडं वाघाची भीती. जाऊ दे पिल्लू.

या गावात मी याआधी एकदाच आलो होतो, गेल्या वर्षी, तुमच्या निवडणुकीत. आता जे लिहितो ते तेव्हाच लिहायला हवं होतं.

इथली सगळी शेती राबावर. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी जंगलातल्या फांद्या तोडून वाळवायच्या, वाफ्यावर पसरून जाळायच्या, त्या राखेत भात रुजतं. आजे-पणजे करत आले. जंगल खात्यानं फांदी तोडणं बंद केलं तसं भात वीतभर होऊन बसतं. हे मी तुम्हाला शिकवत नाही, तुम्हीच मला शिकवलंत. या लोकांच्या केसेस तुम्ही वकील म्हणून चालवल्यात, म्हणून तर ते तुम्हाला मतं द्यायला तयार होते. पण त्यांना तुम्ही समोर हवे होतात. आणि हरणगाळीच्या सभेच्या दिवशी तुम्हाला हिवताप भरला. तुम्ही चार घोंगड्यांखाली कुडकुडत होता आणि मला म्हणालात, मष्ण्या, तू जा, चार शब्द बोल, सांभाळून घे.

मी सांभाळून घेतलं. निघताना खुंटीवरचा तुमचा कोर्टाचा पटका काखेत मारला. का, ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं. वाटलं, लोकांना तुमचं काहीतरी दाखवायला असावं. काठ सगळ्यांच्या ओळखीचा होता.

गावचे पाटील परशराम देवळाच्या पायरीवर बसले होते. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "पावणं, तुमी वकील न्हाय."

"मी त्यांचा सख्खा भाऊ."

"भाऊ म्हंजे वकील न्हाय. शबूद कुणाचा धरायचा आमी?"

तेव्हा मी पटका काढला. इथली एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत असेलच. माणूस स्वतः येऊ शकत नसेल तर त्याचा पटका देवीच्या पायरीवर ठेवतात आणि त्याच्या रक्तातल्या कुणीतरी त्याच्या नावानं देवीच्या हळदीचा भंडारा उचलायचा. उचलला की शब्द पटकेवाल्याचा. शब्द पुरा होईपर्यंत पटका देवीजवळ. पुरा झाला की मालकानं स्वतः येऊन डोक्याला बांधायचा.

मी मूठभर भंडारा उचलला आणि म्हणालो, मारुतीराव निवडून आले तर असेंब्लीत उभं राहून हरणगाळीच्या राबाचं बोलतील.

आता तुम्ही म्हणाल, तुला कुणी सांगितलं होतं. कुणीच नाही. पण तुमच्या ऑफिसात बसून मी शेकड्यानं वकीलपत्रं लिहिली आहेत. अशील अंगठा उठवतो आणि त्याच्या जागी तुम्ही बोलता, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटलं, हे तेच, उलट्या बाजूनं. तुमच्या जागी मी बोललो. वकीलपत्र तुम्ही दिलं नव्हतं, एवढंच कमी होतं. त्या दिवशी मला ते एवढंच वाटलं.

हरणगाळी आणि भोवतालच्या वाड्यांची मतं झाडून तुम्हाला पडली.

परत आलो तो तुमचा ताप उतरला होता आणि तुम्ही पटका शोधत होता. मी म्हटलं, आज सांगतो, उद्या सांगतो. निकाल लागला, हार आले, पेढे आले. आणि एके संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पक्षकारांसमोर तुमचा आवाज आला, माझा पटका भरमानं नेला. मी तेव्हा स्वयंपाकघरात जेवत होतो. वहिनी आमटी वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. माझा थांबला नाही. मी भाकरी मोडत राहिलो. बाहेर भरमाच्या वहाणांचा आवाज तेवढा अंगणातून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घर सोडलं. लोकांना वाटलं, मष्णूच्या पायाला भिंगरी. तुम्हालाही तसंच सांगितलं. भिंगरी होतीच, पण तेव्हा तिला दोरी त्या भाकरीची होती.

पटका इथंच आहे. दर मंगळवारी त्याच्यावर भंडारा टाकतात. पांढरा राहिलेला नाही, हळदीसारखा पिवळा झाला आहे, आईचा काठ तेवढा अजून चमकतो.

कणकुंबीच्या दुकानात गेल्या आठवड्याचं वर्तमानपत्र होतं. जंगल खात्याच्या खर्चाच्या मागणीवर दोन दिवस चर्चा झाली, कोण कोण बोललं त्यांची नावं होती. मी ती दोनदा वाचली, दुकानदाराला एकदा वाचायला लावली. तुमचं नाव त्यात नाही. दुसऱ्या पानावर आहे. पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्यात.

इथं रुक्माबाई म्हणून म्हातारी आहे. यंदा फांद्या तोडल्या म्हणून यल्लाप्पा गार्डानं गावातल्या अकरा जणांवर केस केली, त्यात तीही आहे. वय विचारलं तर म्हणते, तुमच्या मोटारीच्या रस्त्याआधीची. तिनं मला ओळखलं. जवळ येऊन विचारलं, "वकील बोलला का रं, लेकरा?"

वर्षभरात मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. "न्हाय बोलले."

ती रागावली नाही. देवळाकडं बघत म्हणाली, "मग त्येचा पटका कशाला अडकवून ठिवलाय? उनाचं डोकं तापत आसंल त्येचं."

अण्णा, अजून अधिवेशन चालू आहे. एकदा उभे राहा. दहा वाक्यं पुरेत. आणि भरमाला बोलावून घ्या, पटका मी नेला हे माझं पत्र त्याला दाखवा, पक्षकारांना दाखवा, हवं तर दारावर लावा. मी चोर ठरलो तर चालेल, नाहीतरी उनाडाला चोर व्हायला कितीसं अंतर असतं.

तुमच्या उत्तराची वाट बघत इथंच राहतो. परशराम पाटलांनी गोठ्याशेजारची खोली दिली आहे.

तुमचा चुकलेला भाऊ,
मष्णू


पिरनवाडी, भरमाच्या ओसरीवरून,
रविवार, ता. २७ मार्च १९३८

अण्णा,

तुमचं उत्तर पोचलं. पुन्हा पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं हे दुसऱ्या कुणाचं.

तुम्ही लिहिता, माझं पत्र जाळलं, तूही हे जाळ. मी जाळलेलं नाही. तुम्ही लिहिता, सरकार आपल्याच पक्षाचं आहे, सरकारच्या खात्यावर आपणच बोट ठेवणं बरं दिसत नाही, योग्य वेळी योग्य ठिकाणी बोलेन. भरमाचं जुनं प्रकरण उकरून कुणाचा फायदा नाही. पटका कुणाकडून तरी गुपचूप आणवून घे, न जमलं तर राहू दे, मी नवा घेतला आहे. आणि शेवटी एक प्रश्न, खाली रेघ मारून: भंडारा उचलल्याचं तिथं कुठं लेखी आहे काय?

त्या रेघेवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो. दहा-पंधरा ओळींत एकदाही तुम्ही मला विचारलं नाहीत की मष्ण्या, असं का केलंस. रागावला नाहीत. मूर्खा म्हटलं नाहीत. नवी बातमी कळल्यावर माणूस असं लिहीत नाही, अण्णा. तुमच्याकडूनच शिकलो, ज्या साक्षीदाराला नवल वाटत नाही त्याला आधीच ठाऊक असतं.

म्हणून पिरनवाडीला आलो. भरमा आता विटांच्या भट्टीवर आहे. चोर म्हणून नाव झाल्यावर बेळगावात कुठल्याच वकिलानं त्याला दाराशी उभं केलं नाही. त्याची बायको दारात आली, मला बघून आत गेली, आणि आतूनच पाणी पाठवलं. मी भरमाच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटत होतं, आता हा थोबाडात देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मला म्हाईत हाय की. तू पटका गुंडाळताना म्या बघितलं हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणी म्हटलं सांगितलं न्हाय?"

मग त्यानं सांगितलं, आणि तुम्हाला ते ठाऊकच आहे, पण मी लिहितो, कारण हे कुठंतरी लेखी असायला हवं. हरणगाळीच्या लाकडाच्या गाडीवाल्याकडून त्याला भंडाऱ्याची गोष्ट कळली. निकालानंतर चौथ्या दिवशी त्यानं ती तुम्हाला सांगितली. तुम्ही दार लावून घेतलं. विचारलं, हे बेळगावात आणखी कुणाला माहीत आहे. तो म्हणाला, मला आन् मष्णूला. तुम्ही खिडकीशी जाऊन उभे राहिलात. त्याला वाटलं, आता साहेब मष्णूला हाक मारतील. संध्याकाळी तुम्ही पक्षकारांसमोर त्याला चोर म्हणालात.

आता मला सगळं जुळतं. देवाची भीती घालून मतं घेतली तर निवड रद्द होते, हे मी तुमच्याच टेबलाशी ऐकलं आहे. हरलेला उमेदवार अर्ज करायला टपून बसला होता. पटका चोरीला गेला म्हटलं की तो हरणगाळीत सापडला तरी तुम्ही पाठवलेला नव्हता. आणि चोरानं काही सांगितलं तरी ते चोराचं बोलणं. किती नेटकी बांधणी. मी स्वयंपाकघरात बसून भाकरी मोडत होतो तेव्हा तुम्ही तिकडं केस बांधत होता. वर्षभर मी तुमच्यापासून लपत फिरलो, आणि तुम्हाला माझ्यापासून काहीच लपवायची गरज नव्हती, मी पळालो यातच तुमचं काम झालं.

अर्जाची मुदत केव्हाच टळली. तुमची जागा आता कुणी घेत नाही, घाबरू नका. पण भरमाच्या नावाला लागलेल्या डागाला मुदत नाही.

मी त्याला विचारलं, वर्षभर गप्प का बसलास. म्हणाला, "एकुणीस वरसं त्येंचं कागद वाहिलं रं. वाटलं, गरिबाचा माणूस जाऊन बसलाय तिथं. माझ्या नावानं बसू दे, पर बोलू दे. बोलला आसता तर म्या चोर म्हणून सुखानं मेलो आसतो."

हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. कॉमासुद्धा माझा नाही.

आता माझी बातमी. तुमचं उत्तर आलं त्या दिवशी मी कोयता घेतला आणि परशराम पाटलांच्या वाफ्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या. झाडावर चढून, दिवसाढवळ्या, यल्लाप्पा गार्ड रस्त्यावरून येताना दिसेल अशा बेतानं. तो खाली उभा राहिला. बिचारा नोकरी करतो, माणूस वाईट नाही, मला आधी उतर म्हणाला, पडशील. नाव विचारलं. मी वरूनच सांगितलं: मष्णू बाळाप्पा होनगेकर, राहणार उचगाव, असेंब्लीचे मेंबर मारुतीराव वकील यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो लिहीना. म्हणाला, एवढं सगळं कशाला. मी म्हटलं, तू लिही, सरकारी कागद आहे. लिहिलं त्यानं. आता बारा आरोपी आहेत आणि तुमचं नाव केसच्या कागदात आहे. लेखी विचारत होता ना.

या केसची तारीख सोमवार, ११ एप्रिल. खानापूर, मामलेदार कचेरी.

सोबत वकीलपत्र जोडलं आहे. छापील कागद खानापूरहून आणला, मजकूर माझ्या अक्षरात. अक्षर अजून वाईटच आहे, पण चूक नाही, दोनदा तपासलं. खाली अकरा अंगठे आहेत. सगळ्यात ठळक रुक्माबाईचा, तिनं बोट दोनदा शाईत बुडवलं. बारावी सही माझी. वकिलाच्या नावाची जागा कोरी सोडली आहे. गेल्या वेळी मी तुम्हाला न विचारता तुमच्या जागी बोललो. या वेळी विचारतो आहे.

तुम्ही आलात तर ते सेक्रेटरीपद जाईल, हे मला कळतं. सरकारपक्षाचा मेंबर सरकारच्याच खात्याविरुद्ध मामलेदारापुढं उभा, आणि सोबत सख्खा भाऊ आरोपी. मुंबईला त्याची बातमी होईल. होऊ दे. वर्षभर तुम्ही काही बोलल्याची बातमी आली नाही, निदान एक येईल.

पटका कोर्टात आणायला गावानं मंजुरी दिली आहे. दोन संध्याकाळ वाद झाला, शब्द पुरा झाल्याशिवाय पटका हलवायचा कसा म्हणून. शेवटी परशराम पाटील म्हणाले, बोलायची जागा खानापुरात आसंल तर देवी म्हणंल का, हितंच ऱ्हावा? पटका भरमा आणणार. पिरनवाडीहून वर चढून तो आदल्या दिवशी हरणगाळीला जाईल आणि टोपलीतून घेऊन येईल, वर कापड न घालता. ज्याच्या अंगावर चोरी घातली त्याच्याच हातानं तो भर कचेरीत येईल. त्याची एकच अट आहे. त्याला नोकरी नको. ज्या तोंडानं पक्षकारांसमोर चोर म्हटलं त्या तोंडानं पक्षकारांसमोर दुसरं म्हणायचं. एवढं झालं की पटका तो स्वतः तुमच्या हातात देईल. नाही झालं तर टोपली परत डोंगरावर.

तेव्हा या. डोक्याला काही न बांधता या. नवा पटका घरी ठेवा, त्याला काठ नाही.

नाही आलात, तरी तारीख टळत नाही. मग मी उभा राहीन. वकील नाही म्हणून मामलेदार मला थांबवू शकतो, पण आरोपीला बोलू द्यावंच लागतं, हेही तुमच्याच ऑफिसातलं. मष्णूला उभा केला तर खटला आठवडाभर चालेल, हे तुमचं म्हणणं मी विसरलो नाही. चालू दे. राबापासून सुरू करीन, मधे हार्मोनियम येईल, धनगराचं पिल्लू येईल, तुमच्या पहिल्या म्हशी येतील. मार्कंडेय फुगलेली असताना तुम्ही मला खांद्यावर बसवून पार केलं होतंत, पाणी तुमच्या हनुवटीला लागलं होतं आणि तुम्ही म्हणत होता, मष्ण्या, खाली बघू नको. तेही येईल. पण या खेपेला मी गाढवाच्या किमतीवर थांबणार नाही. भंडारा, पटका, ती संध्याकाळ, सगळं सांगून थांबेन, माझी भाकरी धरून.

कागदावर नाव घाला, नाहीतर कोराच परत पाठवा. आमच्या बारा जणांत वाचता येणारा मी एकटा आहे, पण कोरा कागद आला तर तो सगळ्यांना वाचता येईल.

वहिनींना सांगा, त्यांचा हात त्या संध्याकाळी थांबला होता, ते मी पाहिलं होतं.

नमस्कार या पत्रात घालत नाही. तो अकरा तारखेला कचेरीच्या पायरीवर, तुमचं डोकं बघून.

तुमचा अशील, आरोपी क्रमांक बारा,
मष्णू बाळाप्पा होनगेकर